किट नको, कात्र्या मागा

पत्र:

"मी साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही मिळून सव्वीस मुलं. शिक्षण परिषदेत सांगितलं गेलं की लहानपणापासूनच मुलांना डिझाइन आणि तंत्रज्ञानाची गोडी लावा. म्हणून जानेवारीत प्रदर्शन भरवलं. निम्मी मॉडेलं घरच्यांनी केलेली, दोन-तीन तर धुळ्याहून विकत आणलेली. चौथीतल्या एकाने मात्र ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी आणली, सगळी स्वतः केलेली. हा मुलगा वाचनात फार मागे आहे. बक्षीस मिळालं थर्माकोलच्या ज्वालामुखीला. तेव्हापासून मी शनिवारी वर्गातच वस्तू करून घेते. तर परवा एक आजी फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, 'पोरे शायामा खेयाले येतस का शिकाले?' (पोरं शाळेत खेळायला येतात का शिकायला?) गावातले एक व्यापारी रोबोटिक्सचं किट द्यायला तयार आहेत. घेऊ का? नाही घेतलं तर या विषयात नेमकं शिकवू काय? नोंदी कशा करू? मला स्वतःला धड खिळाही ठोकता येत नाही."

– एक शिक्षिका

ताई,

किटचं आधी उरकते. घेऊ नका. एका किटभोवती सव्वीस मुलं बसवली की तिघांच्या हातात वस्तू आणि तेविसांच्या वाट्याला माना उंचावणं. त्यातही किटमधला प्रत्येक तुकडा ठरलेल्या जागीच बसतो. मूल पुस्तिकेतली चित्रं बघत जोडत जातं, शेवटी गाडी चालते, टाळ्या पडतात. हा तुकडा इथेच का, हा प्रश्न किट बनवणाऱ्याने आधीच सोडवून ठेवलेला असतो आणि आपल्याला तर नेमका तोच मुलांपुढे टाकायचाय. शिवाय एक सेन्सर हरवला की उरलेलं किट कपाटात जातं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. सरकारनेही अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतल्या वस्तू करून बघायच्या प्रयोगशाळा, काढल्या त्या सहावी ते बारावीसाठी, तिसरीसाठी नाही. दाते रोबोटिक्सवरच अडून बसले तर त्यांना जवळच्या हायस्कुलाचा रस्ता दाखवा. पण रिकाम्या हाताने परत पाठवू नका, त्यांच्याकडून घ्यायचं बरंच आहे. ते पुढे सांगते.

आता शिकवायचं काय. इंग्लंडने १९९० मध्ये डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून सक्तीचा केला. त्यांच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पाच ते सात वयाच्या मुलांना तरफ, आत-बाहेर सरकणारी पट्टी, चाक आणि आख (चाकाचा दांडा). सात ते अकराला दातेरी चाकं, कप्पी, सेल-बल्बचं साधं मंडल (सर्किट). स्वयंपाकसुद्धा याच विषयात येतो. वाचून दडपून जाऊ नका. कप्पी विहिरीवर आहे, तरफ हातपंपाला आहे, दातेरी चाकं कडबाकुट्टीच्या यंत्रात आहेत. तुमच्या मुलांनी हे सगळं बघितलेलं आहे. इंग्लंडकडून घ्यावं असं मला एकच वाटतं: वस्तू करायच्या आधी ती कुणासाठी हे ठरवायचं, आणि झाल्यावर त्या माणसाच्या हातात देऊन ती कामाला येते का ते बघायचं.

तो ज्वालामुखी कुणासाठी होता? परीक्षकांसाठी. आपल्या कार्यानुभवाच्या तासाचंही बहुतेक शाळांत हेच होतं. श्रावणात तीस सारख्या राख्या, दिवाळीत तीस सारखे आकाशकंदील, बाईंनी फळ्यावर काढलेल्या मापाने. हात वळतात हे खरं, त्याला मी कमी लेखत नाही. पण एकाही मुलाला काही ठरवावं लागत नाही. (थर्माकोलचं म्हणाल तर त्याच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर २०१८ मध्येच राज्यात बंदी आली. शाळांच्या प्रदर्शनांपर्यंत ती बातमी अजून पोचायचीय.)

वेगळा तास शोधू नका. कार्यानुभव वेळापत्रकात आहेच, आनंददायी शनिवारही आहे. तिथेच हे बसवा.

सुरुवात वर्गाच्या दारातल्या चपलांपासून करा. प्रत्येक शाळेत तो ढीग असतो. सुट्टी झाली की पहिलीची पोरं त्यात घुसतात, कुणाची डावी चप्पल उजव्या पायात, कुणाची दुसऱ्याच्या घरी. मुलांना सांगा, पहिलीवाल्यांसाठी यावर काहीतरी काढा. लगेच करायला बसवू नका. आधी दोन दिवस सुट्टीच्या वेळी नुसतं उभं राहून बघायचं आणि पहिलीच्या चार-पाच जणांना विचारायचं, तुला तुझी चप्पल कशी ओळखू येते? तुमचे हुशार विद्यार्थी ताबडतोब म्हणतील, नावाच्या चिठ्ठ्या लावू. लावू द्या. मग पहिलीच्या मुलाला आणून उभं करा. त्याला नाव वाचता येत नाही! त्या क्षणी वर्गाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही किटमधून निघणार नाही. मग कुणीतरी चित्रं सुचवेल: आंबा, बैल, पतंग. दोघांनाही बैलच हवा म्हणून भांडण होईल. होऊ द्या, तोही या कामाचाच भाग.

मग ठेवायचं कशात? खोकी आणतील किराणा दुकानातून. खोक्याचा पुठ्ठा नीट बघितला तर आत बारीक नळ्या असतात. एका पट्टीत नळ्या लांबीच्या दिशेने, दुसरीत आडव्या, अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापायच्या. दोन पुस्तकांवर पुलासारख्या ठेवायच्या आणि वर एकेक कंपासपेटी ठेवत जायचं. आडव्या नळ्यांची पट्टी आधी वाकते. का वाकली ते मुलं बोटाने दाबून स्वतः शोधतात, तुम्ही फक्त गप्प राहायचं. साधा कागद पंख्यासारखा घड्या घालून पुस्तकांवर ठेवला की तोही पेटी तोलतो, हे त्याच बैठकीत दाखवून टाका.

पण जूनमध्ये पुठ्ठा भिजेल आणि सगळं खाली बसेल. तेव्हा नवीन करायचं. तुमच्याकडे पिंपळनेरच्या बाजूला कांदा भरपूर, जाळीच्या गोण्या फुकट मिळतील. त्यांचे कप्पे शिवून भिंतीला टांगले तर चिखल वाळून जाळीतून खाली पडतो. हे तुम्ही सांगू नका मात्र. जाळीची गोणी वर्गात कुठेतरी सहज पडलेली असू द्या, एवढी लबाडी शिक्षकाला माफ आहे.

चाकाचं जरा विस्ताराने लिहिते, कारण तिथे बहुतेक शिक्षक आणि बहुतेक गाड्या अडकतात. बाटलीच्या झाकणांची गाडी सगळेच करतात आणि ती लंगडत चालते. कारण भोक मधोमध नसतं. मध्य शोधायला पट्टी लागत नाही. झाकण कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, गोल कापा, मधोमध दुमडा, पुन्हा एकदा दुमडा, उलगडा. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. तो कागद झाकणावर बसवून त्याच खुणेवर तुम्ही दाभणाने भोक पाडून द्यायचं. एका गाडीला मुद्दाम बाजूला भोक पाडा आणि दोन्ही गाड्या उतरणीवर शेजारी शेजारी सोडा. वर्तुळाचा केंद्रबिंदू त्यानंतर कुणाला पाठ करावा लागत नाही.

दुसरी अडचण डिंकाची. उत्साहाच्या भरात मुलं चाकं आखाला चिकटवतात आणि आखही गाडीला चिकटवतात. गाडी घसरते, चाक हलत नाही. इथे थांबा आणि विचारा, फिरायला काय हवं? बैलगाडीत आख गाडीला पक्का असतो आणि चाकं त्याच्यावर फिरतात. दोंडाईच्याच्या नाही तर नरडाण्याच्या स्टेशनावर उभ्या डब्याखाली बघितलं तर उलटं: चाकं आखाला पक्की, फिरतो तो आखच. दोन्ही गाड्या चालतात. मुलांनी दोन्ही करून बघाव्यात. रेल्वेच्या तऱ्हेला खराट्याची सरळ काडी आख म्हणून आणि रिकाम्या पेनची नळी गाडीच्या पोटाला चिकटवून, काडी तिच्यातून मोकळी फिरणारी. बैलगाडीच्या तऱ्हेला काडी पक्की आणि झाकणाचं भोक किंचित मोठं.

हे एकदा कळलं की तुम्ही ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्यांकडे वळू शकता. अर्ध्या तालुक्यातून त्या दिसतात, तरी शाळेत फारसं कुणी विचारत नाही की त्या फिरून होतं काय. कागदाची भिंगरी सगळ्यांना येते. बाभळीच्या काट्यावर ती गरगर फिरते, पण तिच्याकडून काम करून घेता येत नाही, कारण काटा जागच्या जागीच असतो. आता म्हणा, या वाऱ्याने एक खोडरबर उचलून दाखवा. पाती काडीला पक्की करावी लागतील, काडी नळीत मोकळी, मागच्या टोकाला दोरा, दोऱ्याला खोडरबर. पाती फिरली की काडी फिरते, दोरा गुंडाळला जातो, रबर वर. म्हणजे पुन्हा रेल्वेचाच आख! मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सहावीच्या मुलांसाठी या विषयाचे पाठ बसवले होते, त्यात पिशवी आणि बाहुल्यांच्या जोडीला पवनचक्कीचं मॉडेलही होतं, आणि मराठी माध्यमाच्या वर्गांतही ते करून बघितले होते. त्यांचा भर होता करण्याआधी चित्र काढण्यावर. सहावीत ते जमतं. तुमच्या तिसरीला आधी सामान हाताळू द्या, मोडू द्या, मग चित्र काढायला सांगा. न बघितलेल्या वस्तूचं चित्र या वयाची मुलं छान काढतात, पण ते करायच्या कामाचं नसतं. त्यात घराला चिमणी आणि डोंगरामागे सूर्य हमखास येतो.

आता तुमचा बैलगाडीवाला. पत्रात त्याच्यावर तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण पत्र बहुधा त्याच्यामुळेच लिहिलंय. धांडा फोडून सालपट वेगळं, आतलं मऊ भेंड वेगळं. सालपट वाकवून चाकाची कड, भेंडात सालपटाच्याच काड्या खुपसून सांधे. कुठला भाग ताण सोसतो आणि कुठला टोचून घेतो हे त्या मुलाला हाताने कळलेलं आहे. नुसती शाबासकी देऊन त्याला जागेवर बसवू नका. ती गाडी टेबलावर ठेवा, त्याला बाजूने आणि वरून अशी दोन चित्रं काढायला लावा आणि प्रत्येक भागाचं नाव विचारा. आख, आरे, धाव, तुंबा, जू, शिवळ असं तो सांगेल, काही नावं घरच्या अहिराणीतली असतील. तो सांगेल तशी तुम्ही लिहा आणि बाण काढा. तोच कागद त्याचा वाचनपाठ. न कळणाऱ्या धड्यापेक्षा हे शब्द तो लवकर ओळखेल, कारण एकेका शब्दामागची वस्तू त्याने स्वतः बनवलीय. पुढच्या आठवड्यात त्याने कृती सांगायची आणि दुसऱ्या मुलाने फक्त ऐकून गाडी करायची. गाडी चुकली की सांगणाऱ्याला कळतं, आपण कुठली पायरी गाळली. भाषेचा याहून चांगला तास मला सुचत नाही.

फक्त एक सांभाळा. "तुझे वडील हेच काम करतात ना, म्हणून तुला येतं," असं चुकूनही म्हणू नका, कौतुकानेसुद्धा. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तेव्हापासून आजतागायत एक शंका तिच्या मागे आहे: सुताराचं पोर पुन्हा रंध्याशीच बसवायचं का? शंका रास्त आहे. तिच्यावर उपाय हाच की दाभण, करवत, सुईदोरा सगळ्यांच्या हातात फिरला पाहिजे. सरपंचांच्या नातवाने सूप विणायला बसावं आणि बुरुडाच्या मुलीने वायर सोलून बल्ब पेटवावा. शिवण मुलींकडे आणि सेल-मोटर मुलांकडे ही वाटणी तर आपोआप होते, तुम्ही काही न बोलताच. म्हणून दर वेळी गट तुम्हीच पाडा.

खिळा ठोकता येत नाही म्हणता, तर गावात ज्याला येतो त्याला बोलवा. सुतार, मोटर रिवाइंडिंगवाला, सायकलचं पंक्चर काढणारा. त्यांना भाषण करायला लावू नका, बिचारे घाबरतात. त्यांचं रोजचं एखादं काम वर्गात आणून करू द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. मुलं कंटाळली तर त्यांना पांझरा नदीवरच्या एखाद्या जुन्या बंधाऱ्यावर न्या. बंधाऱ्यातून पाट, पाटातून फड (शेतांचा गट), एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी. शेकडो वर्षांची ही व्यवस्था, आणि दगड-मातीच्या उतारावर चाललेली. परत आल्यावर शाळेच्या अंगणात चिखलाचे पाट करून तांब्याभर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचवून दाखवा म्हणावं. पहिल्या वाफ्यावालाच सगळं पाणी पिऊन टाकतो. त्यावर पोरं जे नियम काढतील ते मला जरूर कळवा.

इजेची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मनात असेलच. बोथट टोकाची कात्री तिसरीला द्या. चाकू आणि ब्लेड नाही. दाभण आणि तापवलेली सळई फक्त तुमच्या हातात, हॉट ग्लू गन तर वर्गात आणूच नका, मैद्याची खळ पुष्कळ झाली. आणि धांड्याचं सालपट ब्लेडसारखं कापतं, हे शहरातून येणाऱ्या शिक्षकांना ठाऊक नसतं. ते ओढायचं नाही, टोकाला चिरून हळूहळू उलगडायचं. तुमचा बैलगाडीवाला बाकीच्यांना दाखवेल.

आजींना उत्तर द्यायला जाऊ नका, त्यांनाच वर्गात बोलवा. जुन्या साडीच्या किंवा धोतराच्या कापडाची पिशवी करायचा पाठ घ्या आणि शिवण दाखवायला आजी. गोधड्या शिवलेला हात आहे तो, टाका कसा मारायचा हे त्या अहिराणीतून तुमच्यापेक्षा बरं सांगतील. पिशव्या झाल्या की खिळ्याला टांगून एकेक वजन टाकत जायचं, कुठली कुठे फाटते ते बघायचं. बहुतेक पिशव्या बंद जिथे जोडलाय तिथेच उसवतात. आजी तिथे चौकोनात उलटसुलट टाके मारायला सांगतील. किती किलोला फाटली, आधी किती, नंतर किती, हे सगळं वहीत. त्यातलं गणित त्यांना दिसेल. नाही दिसलं तरी हरकत नाही, पुढच्या शनिवारी त्या फाटकात थांबणार नाहीत, आत येतील.

नोंदींचं सोपं आहे. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक, उपक्रम, निरीक्षण ही साधनं आहेतच. फक्त 'सुबक वस्तू तयार करतो' ही सगळ्यांच्या नावापुढे उतरवलेली ओळ सोडा. 'चाक अडकलं तेव्हा आख मोकळा केला', 'पहिलीच्या मुलांना विचारून चिठ्ठीऐवजी चित्र घेतलं', 'पिशवीचा बंद दुसऱ्यांदा वेगळ्या तऱ्हेने जोडला' अशा नोंदी करा. सुबकपणाला गुण ठेवलेत की घरच्यांनी केलेली मॉडेलं परत येतील. यंदाच्या प्रदर्शनाला एकच अट घाला: प्रत्येकाने आधी फसलेली वस्तू शेजारी ठेवायची आणि ती का फसली ते पाहुण्यांना सांगायचं. विकत आणलेल्या मॉडेलला आधीची फसलेली भावंडं नसतात, ते तिथेच उघडं पडतं. परीक्षक बोलावू नका, बक्षीसही नको.

आता दात्यांचं. त्यांच्याकडे जाताना चौथीतली दोन मुलं आणि खोडरबर उचलणारी पवनचक्की बरोबर न्या. मागायचं ते असं: बोथट टोकाच्या पंचवीस-तीस कात्र्या, लहान हातकरवती दोन, पकड, स्क्रू ड्रायव्हर, दाभण, स्टीलच्या मोजपट्ट्या, एक स्प्रिंगचा तराजू, दोऱ्याची रिळं, थोडे सेल, छोटे बल्ब, वायर आणि खेळण्यातल्या पाच-सहा मोटरी. सगळं मिळून बहुधा किटपेक्षा स्वस्त पडेल आणि सव्वीसच्या सव्वीस जणांच्या हातात पोचेल. त्यांना आपलं नाव कुठेतरी दिसायला हवं असेल तर हत्यारांच्या पेटीवर रंगवून द्या, त्यात काही वावगं नाही. पेटीला कुलूप मात्र नको. पेटीच्या आत प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढून ठेवा, म्हणजे सुट्टी व्हायच्या आधी पहिलीतल्या मुलालाही बघून सांगता येईल की कुठली कात्री परत आली नाही.